कोरड्या टबातलं न्हाणं

पोरांनो,

थोरलीच्या शाळेने गेल्या महिन्यात ‘माझं पहिलं वर्ष’ असा प्रकल्प करायला दिला होता. तिने फोटो चिकटवले, रंगीत पेनाने चौकटी आखल्या आणि तुमच्या आईने त्याची प्रत मला ईमेलने पाठवली. प्रकल्प नीटनेटका आहे. सगळ्या चौकटींची रुंदी सारखी आहे, हे पाहून मला बरं वाटलं. पण दुसऱ्याच पानावर लिहिलं आहे की माझी आजी भारतातून आली आणि तिने मला पहिले तीन महिने न्हाऊमाखू घातलं.

हे खोटं आहे. ते तीन महिने मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या घरी होते. हे वाक्य तुमच्या आईने सांगितलं असणार. ती लहानपणापासून चारचौघांत माझी बाजू सावरत आली आहे. शाळेत गेलेला कागद आता परत येणार नाही, पण निदान घरात तरी खरं काय ते लिहिलेलं असावं, म्हणून आता लिहायला बसले आहे. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. अजून सगळं आठवतं. पुढच्या वर्षी आठवेल याची हमी देत नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतःला वाचता आलं असतं. चौतीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं आहे, तेव्हा ते काही अवघड नव्हतं. पण यातली मुख्य बाई कोल्हापूरची आहे आणि ती माझ्या डोक्यात इंग्रजी बोलायला लागली की मला पुढे लिहवत नाही. आईकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचताना ती मध्येच थांबली आणि पान उलटून पुढे गेली, तर तिला मागे न्या. तिथेच काहीतरी असेल.

तुमची आई तेव्हा यॉर्कशायरमध्ये एका गिरणीच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागली होती. कापड किती ओढलं म्हणजे फाटतं, किती धुतलं म्हणजे रंग सोडतं, हे तपासायचं काम. माझे वडील कबनूरला दुसऱ्याच्या मागावर दिवसदिवस उभे असायचे. कापडात जरा खोट निघाली की त्यांना बोलणी बसत. नातीला कापड फाडायचा पगार मिळतो, हे ऐकायला ते हवे होते. ही नोकरी मिळवायला तुमच्या आईला तिकडे दोन वर्षं अर्ज करावे लागले होते. बाळंतपणाची रजा चौदा आठवड्यांची होती. पंधराव्या आठवड्याच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. तुमचे बाबा सोमवारी पहाटे कामासाठी लंडनला जात आणि शुक्रवारी परत येत. म्हणजे बाळ झाल्यावर आठवड्यातले पाच दिवस ती आणि बाळ, दोघंच. म्हणून मी जायचं ठरलं.

मी तयारी केली. माझी तयारी कशी असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. व्हिसाच्या अर्जाला जोडायला मी एक वेळापत्रक टाइप केलं. सहा ते साडेसहा, बाळाला तेल लावणे. साडेसहा ते सात, स्नान. सात ते सव्वासात, शेक. असं रात्री नऊपर्यंत, दीड पान. खाली सही. माझं म्हणणं असं की साहेबाच्या देशात जायचं तर काम स्वच्छ असावं.

मुंबईला मुलाखत झाली. अधिकारी तरुण होता आणि अगदी सभ्य होता. त्याने वेळापत्रक दोनदा वाचलं. मग विचारलं, हे सगळं तुम्ही रोज करणार? मी म्हटलं, रविवारीसुद्धा. तुम्ही गेला नाहीत तर कोण करेल? मी म्हटलं, मग पगारी बाई ठेवावी लागेल. त्याने मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि माझे आभार मानले. मला वाटलं, किती समजूतदार मुलगा आहे. नकाराच्या कागदावर कारण असं होतं की अर्जदार नोकरी करण्याच्या हेतूने जात आहे.

तुमचे आजोबा बाहेर रसाच्या गाडीपाशी उभे होते. त्यांनी कागद वाचला आणि ग्लास संपवला. मग म्हणाले, “कशाला जाताय विचारलं, तर नातवंड बघायला म्हणायचं. नातवंड बघायला निघालेल्या बाईला कोण अडवतंय? तू नातवंडाचं टाइमटेबल घेऊन गेलीस.”

पुन्हा अर्ज करायचा तर महिने जाणार होते. तोवर थोरले, तू झालीस. दहा दिवसांनी तुझा फोटो आला. टोपी घातलेली, मुठी आवळलेल्या, तोंड उघडं. तू रागावलेल्या मामलेदारासारखी दिसत होतीस. आजोबांनी फोटो कपाटाच्या काचेला लावला आणि जातायेता त्याला नमस्कार करायला लागले. म्हणाले, अर्ज अडवला बिडवला तर काय घ्या.

पहिले तीन आठवडे आईचा फोन रविवारी यायचा. मग एक दिवसाआड यायला लागला. मग रोज. फोनमध्ये आधी तू ऐकू यायचीस आणि मग ती. तू रडायचीस ते भुकेने नव्हे, तिकडच्या डॉक्टरांनी तुला तीनदा तपासून ठणठणीत आहे म्हणून सांगितलं होतं. तू तशीच रडायचीस. अर्धा तास झोपायचीस आणि दोन तास रडायचीस, आणि अंघोळीच्या वेळी तर आवाज फोनमध्ये मावायचा नाही. पाचव्या आठवड्यात आईने मला एक साधा प्रश्न विचारला. “आई, बाळाला न्हाऊ घालताना धरायचं कसं? साबण लागला की निसटते.”

मी म्हटलं, उद्या सांगते.

आता खरी गोष्ट सांगते. मला ते येत नव्हतं. मी एका मुलीची आई, पण त्या मुलीला मी कधी न्हाऊ घातलेलं नाही. तुमची आई झाली तेव्हा तेल लावायला आणि न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या. मी खाटेवर पडून पुढच्या सत्राच्या टिपणवह्या लिहायचे. दीड महिन्याने मी शाळेत रुजू झाले आणि पुढचंही मावशी आणि माझ्या आईने पाहिलं. दीड पानाचं वेळापत्रक मी लिहिलं होतं ते खाटेवरून जे दिसलं त्यावरून. वेळा अचूक होत्या.

हे फक्त आजोबांना माहीत होतं. ते वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, सांगून टाक आता. मी सांगितलं नाही. माझ्याकडे बालसंगोपनाचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी त्यातलं वाचायला लागले, जणू माझंच आहे. कोपर पाण्यात बुडवून पाण्याची ऊब पाहावी, डाव्या हाताने मानेला आधार द्यावा. अर्धं पान झाल्यावर तुमची आई शांतपणे म्हणाली, “आई, ते पुस्तक माझ्यासमोर उघडं आहे. पुढची ओळ वाचू का?”

त्या सगळ्यात भर पडली ती बाळ सांभाळणाऱ्या बाईची. तुमच्या तिकडच्या गल्लीत एक बाई सरकारी परवाना घेऊन आपल्या घरी मुलं सांभाळायची. आई कामावर गेली की तू तिच्याकडे राहणार, असं ठरलेलं होतं. आठव्या आठवड्यात सराव म्हणून तुला तिथे सकाळी नऊला ठेवलं. अकराला त्या बाईचा फोन आला की घेऊन जा. ती म्हणाली, मी बाळं सांभाळते, पण हिला पाहून माझी बाकीची दोन रडायला लागली आहेत. सकाळी तीन तास तरी झोपत असेल तर आणा, नाहीतर माफ करा. त्या भागात दुसरी बाई नव्हती.

नवव्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या टोकाला जो एसटीडी बूथ होता, तिथे माझ्या नावाने फॅक्स आला. बूथवाला मला ओळखायचा. त्याची बायको माझी विद्यार्थिनी. गल्लीतल्या कुणाचाही फॅक्स आला की तो आधी स्वतः वाचायचा आणि मग निरोप पाठवायचा. मी गेले तेव्हा कागद टेबलावर वजनाखाली ठेवलेला होता.

“मॅडम, ताई नोकरी सोडाय लागल्या व्हय?”

मी विचारलं, तुम्हाला इंग्रजी कळतं का.

“न्हाय. पर राजीनामा मी लांबनं वळखतो. आमच्या मेव्हण्यानं आजवर तीन दिल्यात.”

राजीनामाच होता. खाली मराठीत चार ओळी. ‘आई, हे तपासून दे. माझ्या इंग्रजीला तू कायम नावं ठेवत आलीस. निदान जाताना तरी नीट लिहिलेलं असू दे.’

मी घरी येऊन खुर्चीत बसले. माझे वडील, कबनूरचा माग, इचलकरंजीच्या कॉलेजात मुलांनी भरलेल्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या तीन मुली आणि त्यातली एक तुमची आई, असं सगळं त्या एका कागदावर मला दिसत होतं. फोन करून नको म्हणून सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग तू ये. आणि येण्याचा रस्ता मीच बंद करून ठेवला होता. तेव्हा मी एकच गोष्ट केली जी मला येते. लाल पेन काढलं.

पत्र चांगलं होतं. तसंच दिलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. मी समासात लिहिलं की नोकरी सोडण्याचं कारण स्पष्ट नाही, दुसरा परिच्छेद रडका आहे, वरिष्ठांचे आभार आधी मानून मग निर्णय कळवायला हवा. पुन्हा लिहून पाठव. बूथवाल्याने तो लाल खुणांचा कागद मशीनमध्ये घालताना हळहळून पाहिलं. म्हणाला, एवढं चुकलं व्हय बिचारीचं?

मला वेळ हवा होता. आणि मला मावशी हव्या होत्या.

मावशी उद्यमनगरच्या मागे राहायच्या. मूळच्या पेठ वडगावच्या, नवरा गेल्यावर इकडे आलेल्या. आमच्या भागातली निम्मी माणसं त्यांच्या पायांवरून गेली आहेत. सत्तरीच्या असतील, पण अजून रोज तीन-चार घरी बाळं न्हाऊ घालायच्या. मी अठ्ठावीस वर्षांनी त्यांच्या दारात उभी राहिले, तर त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, “आता आठवन झाली व्हय, बाई?”

मी सगळं सांगितलं. लेक परदेशात एकटी, बाळ झोपत नाही, न्हाऊ घालायला येत नाही.

“लई शिकली म्हनं की.”

मी हो म्हटलं.

“आन पोर धराय येईना. आईवर गेली.”

मला राग आला नाही. पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं होतं. मी म्हटलं, मला शिकवा, मी तिला फोनवर सांगेन. त्या म्हणाल्या, सांगून येत नाही, बसून येतं.

आमच्या घरापासून चार घरं सोडून एका घरी दोन महिन्यांची मुलगी होती आणि तिथे मावशी रोज सकाळी यायच्या. त्या घरच्यांनी मला परवानगी दिली. मुलीची आई न्हाणीच्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती, जसं मी नव्या बाईकडे वर्ग सोपवताना पाहायचे. मी साडी वर खोचून पाटावर बसले, पाय लांब केले. मावशींनी बाळ माझ्या नडग्यांवर पालथं घातलं, डोकं पावलांकडे. मी तिला धरलं.

“खडूवानी काय दोन बोटांनी धरताय? पोरगी हाय ती. अख्खा पंजा लावा.”

अख्खा पंजा लावला. मग तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग तांब्याने ऊन पाणी, पाठीवर, खांद्यांवर, आणि डोक्यावर ओतताना कपाळाशी आडवा हात. पहिल्या दिवशी बाळ माझ्या पायांवरून घसरलं आणि मावशींनी ते न बघताच झेललं. तिसऱ्या दिवशी घसरलं नाही. पाचव्या दिवशी ते माझ्या पायांवर झोपलं आणि मला उठवेना. मी सत्तावन्न वर्षांची होते आणि शाळेच्या निरीक्षकांनीही माझं कधी इतकं कौतुक केलं नव्हतं, जितकं त्या झोपेने केलं. दारातली आई तेव्हा आत जाऊन चहा टाकून आली.

आता अडचण ती तिकडच्या न्हाणीघराची. तुम्ही तिथेच वाढलात, तुम्हाला नवल वाटणार नाही, पण त्या घरात न्हाणीत खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा होता. जमिनीवर पाणी सांडायची सोय नाही. हे मावशींना तीनदा सांगावं लागलं.

“न्हानीत जाजम? मग ती लोकं न्हात्यात कुटं?”

मी सांगितलं, एक लांबट हौद असतो, पांढरा. त्यात पाणी भरायचं आणि त्यात उतरायचं. पुस्तकात बाळालाही त्यातच घालायला सांगितलं आहे.

“भरल्या हौदात? बुडवायचं हाय का न्हाऊ घालायचं?” त्या थोडा वेळ हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “रिकामा करा की त्यो. रिकाम्या हौदात आपुन बसायचं. पाठ टेकायची, पाय लांब. बादली बगलंत. पानी जातंय खाली भोकातनं. ह्याला काय अक्कल लागती?”

मी त्या टबाचा तीन आठवडे विचार करत होते. तुमची आई तर कापडाची इंजिनिअर. दोघींना सुचलं नव्हतं.

हे फोनवर सांगायचा मी प्रयत्न केला. ओले हात करून फोन कानाला धरता येत नाही, आणि मावशी तर फोन हातात घ्यायलाच तयार नव्हत्या. तेव्हा आजोबांनी टेपरेकॉर्डर काढला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, राधानगरीला धरणावर बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे पाण्याचं काम म्हटलं की त्यांना अधिकार वाटायचा. चार घरांपलीकडच्या त्या न्हाणीच्या दारात ते स्टुलावर टेप घेऊन बसले आणि पाणी उडू नये म्हणून टेपवर छत्री धरली. कॅसेटच्या सुरुवातीला त्यांचा आवाज होता. “सकाळचे साडेआठ. बादली काठोकाठ. पाणी सोडण्यास सुरुवात होत आहे.”

पुढे मावशी. त्यांना मी सांगितलं होतं की माझी लेक समोर बसली आहे असं समजा आणि बोला. त्यांनी तसंच केलं. “हां, बस खाली, पाय लांब कर, अजून लांब कर, लाजतीस काय. घाल पालथी. पंजा लाव पंजा, आईवानी खडू धरू नगंस.” मध्येच त्या बाळाला म्हणायच्या, “गप, ए भवाने, पानी हाय ते, इस्तू न्हाय.” बाळ जोरात रडत होतं आणि मावशी त्याहून जोरात. एका ठिकाणी त्या ‘दार लाव गं, वारं येतंय’ असं म्हणाल्या, ते त्या घरच्या सुनेला होतं. एका ठिकाणी चहात साखर कमी आहे म्हणाल्या.

शेवटी त्या पदराने बाळाचं डोकं पुसून दृष्ट काढायला लागल्या, तेव्हा मी टेप बंद करायला लावला. त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मावशी, ते आमच्याकडे चालत नाही. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा देव घराबाहेर काढले, आणि दृष्टही त्यांच्यासोबत गेली. शिवाय दृष्ट काढताना वाईट नजरेच्या म्हणून कुणाकुणाची नावं घेतात ते मला पाठ आहे. त्या यादीत शेवटी आमचा नंबर लागतो.

मावशींनी बाळाचे कान पुसले. मग म्हणाल्या, “मग नावं घेत न्हाय. नुसतं मीठ उतरू?”

“मीठ आमटीत घाला.”

त्या हसल्या, मीही हसले. कॅसेटमध्ये तिथे एक खटका ऐकू येतो आणि मग थेट शेक सुरू होतो.

आजोबांच्या जुन्या कचेरीतल्या एका इंजिनिअरांची सून त्याच आठवड्यात इंग्लंडला निघाली होती. कॅसेट तिच्याबरोबर गेली आणि तिने तिकडे उतरल्यावर टपालात टाकली. तोवर राजीनाम्याचा दुसरा खर्डा आला होता. मी तो परत पाठवला. यावेळी रडका परिच्छेद गेला होता, पण मी लिहिलं की आता फार कोरडं झालं आहे. तिसरा खर्डा आला. त्यात मी तारीख पत्राच्या वर की खाली यावर अर्धं पान लिहिलं. बूथवाला आता पूर्ण गुंतला होता. तिसरा कागद तो स्वतःहून निरखत बसला आणि म्हणाला, “मॅडम, ह्यात काय न्हाय हो चुकलेलं. मला तर लई ब्येस वाटलं. पास करा की तिला.”

तुमच्या आईने फोनवर विचारलं, “आई, तू हे मुद्दाम करते आहेस का?”

मी म्हटलं, चौतीस वर्षं पेपर तपासले, मुद्दाम कुणाला नापास केलं नाही. त्या आठवड्यापर्यंत ते खरं होतं.

बाराव्या आठवड्यात कॅसेट पोचली. पोचली असं तिने कळवलं आणि मग दोन दिवस फोनच नाही. रोज फोन करणारी मुलगी. मी तिसऱ्या दिवशी सकाळपासून फोनजवळ बसून होते. आजोबा म्हणाले, टब वाहून गेला असेल. मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. संध्याकाळी फोन आला. फोनमध्ये पहिल्यांदाच आधी तू ऐकू आली नाहीस.

“आई, झोपले होते,” ती म्हणाली. “ती झोपली की मी झोपत होते. दोन दिवस.”

मग तिने सांगितलं. ती सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून कोरड्या टबात बसली, टेप कमोडच्या झाकणावर ठेवला, आणि तुला पायांवर घातलं. तू नेहमीसारखी सुरू झालीस. तेवढ्यात मावशी ओरडल्या, ‘गप, ए भवाने’, आणि तू गप झालीस. नुसती गप नाही, मान वळवून ऐकायला लागलीस. मग कॅसेटमधलं बाळ रडायला लागलं, तेव्हा तर तू अगदी शांत. बहुधा आपल्यापेक्षा वरचढ कुणी आहे, हे तुला प्रथमच कळलं. तुमच्या आईने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. ‘दार लाव गं’ म्हटल्यावर तिने ओल्या हाताने तुला धरून टबातून उठून दारसुद्धा लावलं, आणि लावल्यावर तिच्या लक्षात आलं की दार आधीच बंद होतं. त्या दिवशी तू साडेतीन तास झोपलीस.

तेराव्या आठवड्यात तुला पुन्हा त्या बाईकडे सरावाला नेलं, सकाळी न्हाऊ घालून, गुंडाळून, झोपलेली. बारा वाजले तरी फोन आला नाही. दुपारी आई आणायला गेली तर ती बाई म्हणाली, ही तीच का? तुमच्या आईने तिला कॅसेटचं सांगितलं आणि थोडीशी ऐकवलीही. ही कोण ओरडते आहे, असं तिने विचारल्यावर तुमची आई म्हणाली, आमच्या घराची तज्ज्ञ.

मला वाटलं, संपलं. पण चौदाव्या आठवड्याच्या गुरुवारी बूथवाल्याचा निरोप आला. राजीनाम्याचा चौथा खर्डा. स्वच्छ टाइप केलेला, सहीची जागा रिकामी. खाली मराठीत लिहिलं होतं, ‘आठ दिवस झोपली म्हणजे कायमची झोपेल असं नाही. मला भीती वाटते. आता तरी हे बरोबर आहे का ते सांग, खरं सांग.’

मी तो बूथमध्ये उभ्यानेच वाचला. त्यात खोट नव्हती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते पत्र असं झालं होतं की मला स्वतःला तसं लिहिता आलं नसतं. बूथवाला माझ्या लाल पेनाकडे पाहत होता. आणखी एकदा परत पाठवलं असतं तर सोमवार उलटून गेला असता, असा हिशेब मी मनात केला, हे कबूल करते. पण तिने खरं सांग म्हटलं होतं, आणि यापूर्वी मी तिला न्हाऊ घालण्याबद्दल एकदा खोटं सांगितलं होतं.

मी लिहिलं, ‘बरोबर आहे. एकही चूक नाही. सही करायची की नाही ते तू ठरव.’ आणि त्याखाली लिहिलं, ‘मला बाळ न्हाऊ घालता येत नव्हतं. तुलाही मी घातलेलं नाही. सगळं मावशींनी केलं. मी गेल्या महिन्यात शिकले, तुझ्याआधी पंधरा दिवस.’

बूथवाल्याने तो कागद पाठवला. मराठी असल्यामुळे यावेळी त्याला सगळं कळलं. त्याने मला बसायला स्टूल दिलं.

शुक्रवार, शनिवार, रविवार, एकही फोन नाही. सोमवारी आजोबांनी तुझ्या फोटोला नमस्कार केला नाही. म्हणाले, आज साहेब रजेवर आहेत. संध्याकाळी सहाला फोन वाजला. मागे कसल्यातरी यंत्रांचा आवाज होता.

“आई, जेवणाची सुट्टी आहे, पाचच मिनिटं बोलते,” ती म्हणाली. “सकाळपासून दोन पडदे आणि एक सोफ्याचं कापड फाडलं.”

मी विचारलं, बाळ? ती म्हणाली, अजून त्या बाईचा फोन नाही. मग म्हणाली, “आणि आई, तुला येत नव्हतं हे मला त्या पुस्तकाच्या दिवशीच कळलं होतं.”

तो राजीनामा तिने टाकून दिला नाही. चार वर्षांनी, धाकट्याच्या आधी, तिला याहून चांगल्या प्रयोगशाळेत जागा मिळाली तेव्हा तिने तोच काढला, कारणाची ओळ आणि तारीख बदलली आणि दिला. तिच्या साहेबाने सांगितलं की इतकं सुंदर पत्र आपल्याला कधी मिळालं नव्हतं. मी हे बूथवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मग, चार डाव तपासलंय आपन.

धाकट्या, तुझ्या वेळी मी आले होते. अर्जात ‘नातवंड बघायला’ एवढंच लिहिलं. पण न्हाऊ तुला तुमच्या आईनेच घातलं. माझ्या हाती तू दिला गेलास एकदाच, आणि तेव्हा तुमची आई दारात उभी राहून पाहत होती. कॅसेट तुझ्या तिसऱ्या महिन्यात मशीनमध्ये अडकली आणि फीत बाहेर आली. आजोबा असते तर त्यांनी ती पेन्सिलीने गुंडाळून दुरुस्त केली असती, पण ते आदल्या वर्षी गेले होते. मावशी त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. शेवटपर्यंत त्यांना कॅसेटचं कौतुक नव्हतं. विलायतेत त्यांच्या आवाजावर एक पोर वाढलं म्हटलं, तर म्हणाल्या, त्यात काय, इथं सगळा गाव वाढलाय. बूथ बंद झाला, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

गेल्या रविवारी तुमची आई फोनवर सांगत होती की तिच्या हाताखालच्या एका पोलिश मुलीला बाळ झालं. त्या मुलीची आई तिकडे येऊ शकली नाही. तुमची आई दोन शनिवार तिच्या घरी गेली, सलवार दुमडून तिच्या कोरड्या टबात बसली आणि तिला दाखवून आली. आता ती मुलगी आपल्या बाळाला तशीच न्हाऊ घालते, पाठ टेकून, पाय लांब करून, अख्खा पंजा लावून. तेवढं शिल्लक आहे.